लाल लालच, निळा निळाच

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे वारणाकाठच्या काकांच्या घरी जमतो. तिथे वादासाठी विषय शोधावा लागत नाही. यंदाचा विषय भाच्याच्या दप्तरातून निघाला. सहामाहीचे पेपर पालकांच्या सहीसाठी घरी दिले होते. आठवीच्या विज्ञानात प्रश्न होता : ‘उदासीन पदार्थांची चार उदाहरणे लिहा.’ चिरंजीवांचं उत्तर : मीठ, साखर, खाण्याचा सोडा, तुरटी. शेवटच्या दोघांवर लाल फुली. दोनपैकी एक गुण.

काकांनी हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ताई माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दोघांचा विषय एक, आणि त्यामुळेच एकमत कधी होत नाही.

‘‘बरोबर कापलंय,’’ काका चष्मा वर करत म्हणाले. ‘‘सोडा आम्लारिधर्मी, तुरटी आम्लधर्मी. पाठ्यपुस्तक उघडायला नको?’’

‘‘पुस्तक उघडलं म्हणूनच चुकलाय तो,’’ ताई म्हणाली. ‘‘का लिहिलंस ते सांग रे आजोबांना.’’

पोराने धडा पाठ केलेला होता. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात. ‘‘खाण्याचा सोडा क्षार आहे ना? तुरटीपण क्षार. मग उदासिनीकरणातून जे होतं ते उदासीनच असणार की!’’

काका क्षणभर गप्प झाले. मला तर पोराचं म्हणणं शंभर टक्के पटलं. जी क्रिया संपल्यावर उदासीन काही हाती येईलच याची खात्री नाही, तिला उदासिनीकरण म्हणायचं आणि मुलाने त्या नावावर विश्वास ठेवला की त्याचा गुण कापायचा.

‘‘तर्क छान आहे,’’ काका म्हणाले, ‘‘पण रसायनशास्त्र तर्कावर चालत नाही, परीक्षेवर चालतं. पेपरातल्या परीक्षेवर नाही, वाटीतल्या. ऊठ, माझ्या कपाटात लिटमसच्या पुड्या आहेत त्या आण. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आण.’’

स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार वाट्या मांडल्या. चारही पदार्थ बॅटरीच्या पाण्यात विरघळवून प्रत्येक वाटीत एक लाल आणि एक निळा कागद बुडवला. मिठाच्या वाटीत लाल लाल राहिला, निळा निळा राहिला. साखरेतही तेच. सोड्याच्या पाण्यात लाल कागद हळूहळू निळसर झाला. तुरटीच्या पाण्यात निळा कागद लालसर झाला.

‘‘ही माझी व्याख्या,’’ काका म्हणाले. ‘‘दोन्ही कागद जसेच्या तसे राहिले तर उदासीन. रॉबर्ट बॉइलने १६६४ च्या रंगांवरच्या पुस्तकात जांभळ्या व्हायोलेट फुलांच्या सरबताची गोष्ट लिहिली आहे. आम्लात ते लाल होतं, अल्कलीत हिरवं. तेव्हा ना आयन ठाऊक होते, ना सामू. तरी डोळ्यांना जे दिसलं त्यावरून पदार्थांच्या राशी लागल्या. तेरा वर्षांच्या पोराला तिथूनच सुरुवात करू दे. त्याला लॉगरिदम कशाला शिकवायचे?’’

इथे काकू डोकावल्या. ‘‘फुलं कशाला, हळद आहे की. आमटीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की लाल होतो, धुऊन काढला की परत पिवळा.’’

‘‘काकू, हळद अर्धीच साक्षीदार,’’ ताई हसत म्हणाली. ‘‘साबण, सोडा, चुना आला की ती लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते त्या चुन्यामुळेच. पण लिंबू पिळलं तरी ती पिवळी आणि मिठाचं पाणी घातलं तरी पिवळीच. आम्ल आणि उदासीन यांतला फरक तिला कळत नाही. जास्वंदीला कळतो. आम्लात गुलाबी, अल्कलीत हिरवट.’’

लिटमसचा रंग दगडफुलाच्या गोतातल्या लायकेनांपासून काढतात, हे काकांनी मला लहानपणी सांगितलं होतं. गोडा मसाला भाजायला घेतला की मला अजून ते आठवतं. पण ते असो.

ताईने आता स्वतःच्या दोन वाट्या मांडल्या. एकीत शेंगदाणा तेल. दुसरीत लिंबूसत्त्वाचे, म्हणजे सायट्रिक आम्लाचे, कोरडे खडे. तेलात दोन्ही कागद बुडवले, रंग बदलला नाही. खड्यांवर कोरडा निळा कागद ठेवला, तोही निळाच राहिला.

‘‘काका, तुमच्या व्याख्येने लिंबूसत्त्व उदासीन ठरलं.’’

‘‘कोरडं आहे म्हणून! पाणी घाल.’’

तिने बोटाने दोन थेंब टाकले. कागद लाल झाला.

‘‘हेच म्हणतेय मी. लिटमस पाण्याशिवाय बोलत नाही. तेलात त्याने तोंड उघडलं नाही, याचा अर्थ त्याने तेलाला उदासीन ठरवलं असा होत नाही. साक्षीदार गप्प बसला म्हणून आरोपी निर्दोष सुटत नाही. सामू असतो तो पाण्यातल्या द्रावणाला. कोरड्या मिठाला, साखरेला, खडीला सामू नसतो. ‘उदासीन पदार्थ’ हा शब्दच मला खटकतो. ‘पाण्यात विरघळल्यावर उदासीन द्रावण देणारा पदार्थ’ म्हणा.’’

‘‘एवढं लांबलचक फळ्यावर लिहीपर्यंत तास संपायचा,’’ काका म्हणाले. पण वहीत ‘पाण्यातल्या द्रावणात’ हे शब्द त्यांनी लिहून घेतलेले मी पाहिले.

मग सोडा आणि तुरटीवर गाडी आली. काकांनी समजावलं ते मला आवडलं, कारण त्यात मास्तरांची हातोटी होती. मीठ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांची जोडी. दोन्ही बाजू सारख्याच बळकट, त्यामुळे पाण्यात विरघळल्यावर कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. खाण्याच्या सोड्यात सोडियमची बाजू बळकट, कार्बनिक आम्लाची अशक्त. ती अशक्त बाजू पाण्यातून हायड्रोजन ओढून घेते, मागे हायड्रॉक्साइड उरतो आणि द्रावण अल्कलीकडे झुकतं. तुरटीत उलट. गंधकाम्ल बळकट, ॲल्युमिनियमची बाजू दुबळी. कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकतो तो नवसागरही त्यातलाच. त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं.

‘‘म्हणजे ज्याचं घराणं बळकट त्याचा शब्द चालतो,’’ काकू म्हणाल्या आणि कढईकडे वळल्या. एवढ्या थोडक्यात मला कुठल्याही पुस्तकात हे सापडलं नव्हतं.

‘‘शब्दांचा घोळ तर आणखी मोठा आहे,’’ ताई म्हणाली. ‘‘वैद्यांचा क्षार म्हणजे अल्कली, जाळलेल्या वनस्पतीच्या राखेतून काढलेला. यवक्षार, क्षारसूत्र यांतला क्षार तो. शाळेतला क्षार म्हणजे सॉल्ट. आमच्या मातीच्या अहवालात ‘विम्लधर्मी’ लिहितात, पुस्तकात ‘आम्लारिधर्मी’, आणि तुमच्या पिढीच्या तोंडी अल्कली. पोराने नक्की कुठला शब्द धरायचा?’’

‘‘शब्द कुठलाही धरू दे, वाटी सोडू नये म्हणजे झालं,’’ काका म्हणाले. ‘‘आणि उदासीन क्षारांना हिणवू नकोस. जेरेमियास रिख्टर नावाच्या जर्मन माणसाच्या लक्षात आलं, की दोन उदासीन क्षारांची द्रावणं एकमेकांत ओतली, त्यांच्या जोड्यांची अदलाबदल होऊन नवे क्षार झाले, तरी मिश्रण उदासीनच राहतं. याचा अर्थ किती आम्लाला किती आम्लारी लागतो याचं वजनाचं प्रमाण ठरलेलं आहे. १७९२ मध्ये त्याने या मोजणीला स्टॉइकिओमेट्री हे नाव दिलं. आज मुलं रासायनिक समीकरणं संतुलित करतात, गणितं सोडवतात, त्याची एक मुळी इथे आहे. तुझ्या त्या सामूच्या शंभर वर्षं आधी!’’

ताईला हे माहीत नव्हतं. तिने मान डोलावली. काकांना ते मान डोलावणं पेन्शनच्या थकबाकीइतकं गोड लागलं असावं.

पण ताईने खिशातून पेनसारखं दिसणारं सामूमापक काढलं आणि उरलेल्या बॅटरीच्या पाण्यात बुडवलं. आकडा हलत राहिला. कधी ६.१, कधी ५.८. बराच वेळ तो ठरेना.

‘‘बिघडलंय,’’ काका म्हणाले.

‘‘पाणी फार शुद्ध आहे. त्यात आयन इतके थोडे, की मापकाला धरायला काही मिळत नाही. आणि सात का येत नाही? हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. झाकण उघडं ठेवलं की शुद्ध पाणी ५.६ च्या आसपास उतरतं. पावसाचं स्वच्छ पाणीसुद्धा तिथेच असतं. उदासीन पदार्थाचं पहिलं उदाहरण म्हणून प्रत्येक मूल ‘पाणी’ लिहितं. ते पाणी पेल्यात ओतल्यापासून उदासीनपणा सोडायला लागतं.’’

‘‘लिटमसला ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही,’’ काकांनी उत्तर दिलं. ‘‘लिटमस साधारण साडेचार ते साडेआठ या टप्प्यात कुठेतरी रंग बदलतो. त्याच्या नजरेला दूधही उदासीन वाटतं, जरी त्याचा सामू ६.७ च्या आसपास असतो. शाळेच्या कामाला तेवढी नजर पुरते. तुला बारीक बघायचं असेल तर ब्रोमोथायमॉल ब्लू घे. आम्लात पिवळा, अल्कलीत निळा, मधे हिरवा. कापड मोजायला मीटरपट्टी लागते, सोनं तोलायला काटा लागतो. दोन्ही खरी मापंच.’’

या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूला आहे. माप कशासाठी हवं हे न विचारता त्याच्या बारकाव्याचा आग्रह धरणं हा शिकलेल्या माणसांचा जुना रोग आहे.

पुढचा मुद्दा मात्र ताईचा होता, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेतला तोच महत्त्वाचा. उदासीन म्हणजे काहीच नसलेलं, अशी आपली समजूत असते. शुद्ध पाण्यात आम्लपण नाही, अल्कलीपण नाही, म्हणून ते उदासीन. ताई म्हणाली, तसं नाही, दोन्ही आहेत. पंचवीस अंश तापमानाच्या एक लिटर शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन सहावर सोळा शून्यं इतके असतात आणि हायड्रॉक्साइड आयनही नेमके तेवढेच. ऐकायला प्रचंड, पण पाण्याच्या सुमारे पंचावन्न कोटी रेणूंमागे तो एक पडतो. हे आयन तुटत असतात, जुळत असतात, पुन्हा तुटत असतात. दोन्हींची संख्या सारखी, एवढाच उदासीनतेचा अर्थ.

‘‘आणि सात हा आकडाही पवित्र नाही,’’ ती पुढे म्हणाली. ‘‘१९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने सामूची मोजपट्टी केली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याने काढलेली. त्या पट्टीवर उदासीन बिंदू सात येतो तो पंचवीस अंशांना. पाणी तापवलं की जास्त रेणू तुटतात. दोन्ही आयन सारखेच वाढतात, पण सामू खाली येतो. आपल्या अंगाच्या तापमानाला उदासीन म्हणजे ६.८. काकूंच्या चहाचं आधण उकळतंय, तिथे ६.१ च्या आसपास. पाणी उदासीनच आहे, आकडा सात नाही.’’

भाच्याने लगेच विचारलं, ‘‘मग रक्त?’’ रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५. म्हणजे थोडं अल्कलीकडे. त्यात दोन-तीन दशांशांचा फरक पडला तरी माणूस दवाखान्यात जातो. शरीराला उदासीन राहायचं नसतं, हे त्याला फार नवल वाटलं.

काका मग आपल्या प्रयोगशाळेतल्या आठवणीत शिरले. ‘‘अनुमापन शिकवताना मी मुलांच्या हातून उदासीन बिंदू निसटताना किती वेळा पाहिला! शंकुपात्रात दशांश मोलर आम्ल पंचवीस मिली, वर ब्युरेटमध्ये तेवढंच तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड. चोवीस मिलीपर्यंत काही होत नाही. मुलं कंटाळतात, गप्पा मारतात. आणि मग एका थेंबाने द्रावण गुलाबी.’’

‘‘हिशेब सांगू?’’ ताई म्हणाली. ‘‘एक थेंब कमी असताना सामू चार, एक थेंब जास्त झाल्यावर दहा. सहा अंकांची उडी दोन थेंबांत. सातवर थांबलेलं तुम्ही कधी पाहिलंत का?’’

‘‘नाही,’’ काका म्हणाले. ‘‘फिनॉल्फ्थॅलीन तर सातला रंगही बदलत नाही, आठच्या पुढे बदलतं. पण उतार इतका खडा असतो की चालून जातं. अर्धा थेंब काचेच्या भिंतीला लावून धुऊन घ्यायला शिकवायचो मी.’’ मग थोडं थांबून ते म्हणाले, ‘‘म्हणजे तू म्हणतेस ते या बाबतीत खरं आहे. उदासीन बिंदू मी आयुष्यभर शिकवला, तिथे उभा मात्र कधी राहिलो नाही.’’

जेवणं झाल्यावर विषय शेताकडे वळला. या पट्ट्यात तो वळतोच. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून नदीकाठच्या जमिनी बिघडल्या आहेत. काकांच्या खालच्या वावराचा सामू दोन वर्षांपूर्वी ८.७ आला होता. म्हणजे चोपण. पाऊस पडला की चिखल, ऊन पडलं की दगड.

‘‘तेव्हा मास्तरांनी काय विचारलं होतं माहितेय?’’ ताईने मला सांगितलं. ‘‘अल्कली आहे ना, मग आम्ल ओतून उदासीन करू. आठवीचा धडा. मी म्हटलं, जिप्सम टाका. तर म्हणाले, जिप्समच्या पाण्यात लिटमस बदलत नाही, तो उदासीन. उदासीन पदार्थ अल्कलीला काय करणार?’’

‘‘आणि केलं त्याने,’’ काकांनी मोकळेपणाने कबूल केलं.

चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्याने कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हुसकून त्याची जागा घेतं. सुटलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात विरघळून खाली जातो. मात्र निचरा हवा. चर काढले नाहीत, तर सोडियम तिथेच राहतो आणि जिप्समचे पैसे मातीत जातात. काकांनी चर काढले. या वर्षी त्या वावरात हरभरा उगवलाय. आम्ल-आम्लारीच्या चौकटीत ज्याला काहीच काम नाही, अशा पदार्थाने ही जमीन दुरुस्त केली.

‘‘उदासीन म्हणजे निकामी नाही, एवढं मी मान्य करतो,’’ काका म्हणाले.

‘‘निरुपद्रवीही नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘कार्बन मोनॉक्साइड. तुम्हीच शिकवलात, उदासीन ऑक्साइड. ओला लिटमस धरला तर लाल लाल, निळा निळा. आणि बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसं मरतात ती त्याच वायूने. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. लिटमसने त्याच्याबद्दल काही सांगितलं नाही, कारण लिटमसला एकच प्रश्न कळतो.’’

काकू तेवढ्यात न्हाणीघराची खिडकी उघडी आहे का ते पाहून आल्या.

मला मात्र त्या रात्री ‘उदासीन’ या शब्दानेच छळलं. आपण उदास माणूस म्हणजे खिन्न माणूस समजतो. मूळ शब्द उद् आणि आसीन, म्हणजे वर किंवा बाजूला बसलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताच्या गुणांत येतो. पण रसायनशास्त्राला सर्वांत जवळचा अर्थ मला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. तिथल्या राजमंडळात उदासीन राजा दुबळा नसतो. तो बाकीच्यांपेक्षा बलवान असतो, भांडणाऱ्या दोघांच्या बाहेर असतो, आणि कुणालाही मदत करायची किंवा कुणालाही रोखायची ताकद त्याच्यात असते. पाण्याचं असंच आहे. ते आम्लापुढे आम्लारीसारखं वागतं आणि आम्लारीपुढे आम्लासारखं.

हे मी सकाळी दोघांना सांगितलं. काका म्हणाले, उपमा चांगली आहे, पेपरात लिहू नकोस, गुण जातील. ताई म्हणाली, उपमा चांगली आहे, पण पाणी राजासारखं बलवान नाही. एक लिटर शुद्ध पाण्यात दशांश मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पडला तरी सामू सातवरून ५.३ वर येतो. एवढ्या पाण्याने एका थेंबाला रोखलं नाही. थेंब रोखायचा तर द्रावणात दुर्बळ आम्ल आणि त्याचाच क्षार अशी जोडी लागते. रक्तात कार्बनिक आम्ल आणि बायकार्बोनेटची असते.

दोघांचंही पटलं. तरी माझा कौल विचारलात तर तो असा. ‘उदासीन पदार्थ’ हे शब्द पुस्तकातून काढायची गरज नाही, काकांच्या पिढीने त्यावर चांगली मुलं घडवली. पण ‘उदासीन पदार्थांची चार उदाहरणे लिहा’ हा प्रश्न मात्र काढावा. तो पाठांतर तपासतो, आणि डोकं चालवणाऱ्या मुलालाच नेमका गोत्यात आणतो. विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या वाचकांना एवढीच विनंती : पुढच्या सहामाहीला चार पुड्या, पाणी आणि दोन रंगांचे कागद मुलांच्या हाती द्या आणि विचारा, काय दिसलं आणि त्यावरून काय म्हणाल? सोडा आणि तुरटीबद्दल कुणाचंही उत्तर चुकणार नाही.

निघताना पेपर सहीसाठी पुढे आला. ताईने सही केली. फुल्यांशेजारी काही लिहिलं नाही. भाच्याने मात्र तुरटीच्या वाटीतला लालसर झालेला कागद वाळवून तिथे टाचणीने लावलाय.